ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरचे मुक्त फर्मवेअर) मेश : ३०० एमबीपीएसचे वरच्या मजल्यावर ६० होतात

तिसरा_मजला

तळमजला आणि वर तीन मजले, मध्ये आरसीसी स्लॅब. प्रत्येक मजल्यावर एक असे चार अ‍ॅक्सेस पॉइंट, सगळे दोन बँडचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), वायफाय ५, २×२ (दोन अँटेना). तळाचा ‘अ’ मोडेमला केबलने जोडलेला आहे, वरचे ब, क, ड ८०२.११एस मेशवर, म्हणजे एकमेकांना वायफायनेच जोडलेले. मेश आणि फोन-लॅपटॉप एकाच ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर, चॅनल १००, रुंदी ८० मेगाहर्ट्झ.

प्रत्येक नोडला (म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटला) लॅपटॉप केबलने लावून मोजले: अ ३००, ब २८०, क १३५, ड ६० एमबीपीएस. शिवाय:
– दिवसातून एकदोनदा सगळी मेश मिनिटभर गायब होते.
– मेशला पासवर्ड टाकला की नोड एकमेकांना दिसत नाहीत. उघडी ठेवली तर लगेच जुळतात.
– फोन वर नेला तरी ‘अ’लाच चिकटून राहतो.

डक्टमधून फार तर एक केबल वर जाईल. ती अ ते ब टाकू का?

तांब्याची_तार

केबल ब ला नको, क ला न्या.

आधी वेग का पडतो ते. एकच रेडिओ एका वेळी एक तर ऐकतो किंवा बोलतो, आणि साखळीतले सगळे नोड एकाच चॅनलवर आहेत. ड चे पाकीट अ पर्यंत जायला तीनदा हवेत जाते आणि त्या तिन्ही खेपा एकाच हवेच्या वेळेतून वजा होतात. नोडवरून शेजारच्या नोडवर जाणे ही एक उडी. दुसऱ्या उडीला वेग निम्मा, तिसरीला तिसरा हिस्सा, त्यावर स्लॅबची घट. म्हणजे तुमचे आकडे बिघाडाचे नाहीत, रचनेचे आहेत. लिंकच्या पानावर ८६६ दिसत असेल तर तो फक्त शेजाऱ्याशी ठरलेला दर. खरा वेग एका उडीलाही त्याहून बराच कमी असतो.

केबल अ–ब टाकली तर ड अजून दोन उड्या लांब राहतो. अ–क टाकली तर क च्या खाली ब, वर ड, दोघेही एकाच उडीवर.

पण केबल लावण्याआधी ‘अ’वरचा मेश इंटरफेस बंद करा. नाहीतर अ आणि क केबलने जोडलेले आणि ब मार्फत हवेतूनही जोडलेले, दोन्ही वाटा एकाच ब्रिजमध्ये (सगळे पोर्ट एकत्र जोडणारा भाग). ब्रॉडकास्ट पाकिटे (सगळ्यांसाठी पाठवलेली) गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळे घर ठप्प होते. एसटीपी (असे लूप शोधून एक वाट बंद करणारी सोय) चालू केल्यास लूप तुटेल, पण ब ची वाहतूक मेशच्या आतून कुठून जाईल यावर ताबा राहत नाही. अ बाहेर काढणे सोपे.

केबल कॅट ५ई पुरते, १०० मीटरच्या आत. अँटेना बाहेरच्या असतील तर एक उभी, एक आडवी ठेवा: उभी दांडी आजूबाजूला फेकते, थेट वर-खाली जवळपास काहीच नाही. ब–क आणि क–ड दोन्हीकडे सिग्नल -६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप, शून्याकडे जाईल तितका चांगला) आसपास हवा. -७५ च्या खाली गेला तर नोडची जागा बदला, सेटिंग चाळत बसू नका.

जुना_राऊटर

मिनिटभर गायब होण्याचे कारण चॅनल १००. तो डीएफएसचा आहे, म्हणजे रडारबरोबर वाटून घेतलेला. रेडिओला रडारसारखे काही ऐकू आले की चॅनल सोडावा लागतो आणि नवा चॅनलही डीएफएसचा असेल तर तिथे आधी ६० सेकंद गप्प बसून ऐकावे लागते. क, ब, ड वर ३६ नेमून द्या. ८० रुंदीत ३६ ते ४८ वापरले जातात. ‘ऑटो’ मेशवर कधीच नको, प्रत्येक नोड आपापला चॅनल निवडतो आणि कोणी कोणाला सापडत नाही. देशाचा कोड चारही ठिकाणी एकच.

पासवर्डचे: मूळ फर्मवेअरमधले वायपॅड-बेसिक (वायफायचा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम) एन्क्रिप्टेड मेश करत नाही. ते काढून वायपॅड-मेश पॅकेज टाका आणि रीबूट करा. मग मेश आयडी, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन (डब्ल्यूपीए३-एसएई) सगळीकडे हुबेहूब. काढणे आणि टाकणे यांच्या मध्ये वायफाय बंद पडू शकते, म्हणून नोड केबलने लॅपटॉपला लावूनच करा. पॅकेजची फाइल आधीच उतरवून ठेवा.

डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा) फक्त ‘अ’वर. बाकीच्यांना वेगवेगळे स्थिर आयपी, गेटवे आणि डीएनएस अ चा. चार नोडांसाठी बॅटमॅनची (मेशमधल्या वाटा ठरवणारा वेगळा प्रोटोकॉल) उठाठेव नको.

तिसरा_मजला

समजले. फोनच्या चिकटपणाचे?

सिग्नल६५

कुठे जायचे हे फोन ठरवतो, अ‍ॅक्सेस पॉइंट नाही. ‘अ’चा सिग्नल फोनच्या स्वतःच्या मर्यादेखाली जाईपर्यंत तो शोध सुरूच करत नाही. म्हणून २.४ ची ताकद १०-१२ डीबीएमवर आणा, रुंदी २० आणि चॅनल अ ते ड क्रमाने १, ६, ११, १. ब, क, ड वर ५ गिगाहर्ट्झची ताकद मात्र कमी करू नका. ती अख्ख्या रेडिओची असते, मेशचीही घटेल. ‘अ’ आता मेशमध्ये नाही, तिथे खुशाल घटवा आणि चॅनलही वेगळा द्या, १४९ तुमच्याकडे खुला असेल तर तो.

नाव, पासवर्ड, एन्क्रिप्शन चारही ठिकाणी सारखे. ८०२.११के आणि व्ही चालू करा, शेजारी कोण ते फोनला कळते. ८०२.११आर (एका नोडवरून दुसऱ्यावर झटकन जाण्याची सोय) सगळ्यात शेवटी: मोबिलिटी डोमेन (नोडांच्या गटाची खूण) चार अंकी हेक्स, सगळीकडे तेच. काही जुने प्रिंटर आणि स्मार्ट प्लग आर चालू असलेल्या नेटवर्कला जुळतच नाहीत. त्यांच्यासाठी २.४ वर आर बंद असलेले वेगळे नाव ठेवा.