मंडळीचं ध्येय चार ओळीत लिहायचंय, नक्की काय लिहू?

पंचगंगाकाठ:
जय ख्रिस्त सगळ्यांना. कोल्हापुरातलीच सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एक मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद, आहे आमची, नाव नाही घेत. जनरल मीटिंग तोंडावर आलीय आणि पास्टरेट कमिटीनं (चर्चचा कारभार बघणारी कमिटी) मला सांगितलंय की अहवालाच्या पहिल्या पानावर 'आपल्या मंडळीचं ध्येय' म्हणून चार ओळी दे, तुझं मराठी चांगलंय. मी हो म्हटलं आणि कमिटीतच जुंपली. काहीजण म्हणतात बायबलातल्या मत्तय 28 मधली येशूची शेवटची आज्ञा टाक, जाऊन शिष्य करा, विषय संपला, समाजकार्य काय रोटरीवाले पण करतात. काहीजणांचं म्हणणं की आत्ताच्या वातावरणात ते छापूच नको, शाळा, दवाखाना, पूर मदत असलं लिही. आणि आमचे एक ज्येष्ठ काका आहेत ते म्हणाले, रविवारची उपासना वेळेवर सुरू झाली तरी पुष्कळ झालं, ध्येयबियेय कशाला. मला तिघांचंही पटतंय, हीच तर अडचण. तुमच्याकडं असलं काही लिहिलंय का कुणी?

नागाळापार्ककर:
भावा हे भांडण आपल्या गावाला लई जुनं आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून 1852 ला कोल्हापुरात आले, ज्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आहे तेच. त्यांनी इथं शाळा काढल्या. पण त्यांना पाठवणारं जे अमेरिकन बोर्ड (अमेरिकेतली मिशन संस्था) होतं त्याचा सेक्रेटरी रूफस अँडरसन, तो 1855 च्या सुमाराला हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याचं मत पडलं की शाळांवर, त्यातून इंग्रजी शाळांवर, इतका पैसा घालू नका, मिशनऱ्याचं काम उपदेश करायचं आणि मंडळ्या उभ्या करायचं. वायल्डर ऐकणारे नव्हते. बोर्डाशी वाजलं, संबंध तुटले, तरी गडी 1861 ला परत कोल्हापुरात आला, देणग्या मागून मागून मिशन चालवलं आणि मग 1870 ला प्रेस्बिटेरियन बोर्डानं, म्हणजे अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मिशन संस्थेनं, ते पदरात घेतलं. आता गंमत बघ, त्यांचा मुलगा रॉबर्ट, जन्म 1863 चा, कोल्हापुरातलाच, त्यानं पुढं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना मिशनरी म्हणून परदेशी पाठवायची जी चळवळ 1886 ला सुरू झाली त्यात पुढाकार घेतला. म्हणजे बाप शाळेसाठी भांडला आणि पोरगं सुवार्तेसाठी, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायला, माणसं गोळा करत फिरलं, एकाच घरातली दोघं.
तरी अँडरसनला मी अगदीच चूक म्हणणार नाही हां. त्याचं दुसरं म्हणणं होतं की इथल्या मंडळीनं आपला कारभार आपण बघावा, आपला खर्च आपण भागवावा, सुवार्ता पण आपणच सांगावी. ते आज किती मंडळ्यांना जमतंय सांग. तुमच्या पाळकांचा (पास्टरांचा) पगार वर्गणीतून निघतो का हॉलच्या भाड्यातून, ते आधी बघ आणि मग ध्येय लिही.

लोणार_वसाहत:
@नागाळापार्ककर इतिहास भारी, पण मुद्दा भरकटू देऊ नका. ख्रिस्ताचं नाव न घेता नुसती सेवा करायची असेल तर ट्रस्ट काढा, चर्च कशाला पाहिजे? मिरजेला डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 ला हॉस्पिटल सुरू केलं ते कशासाठी आलेत हे लपवून नाही केलं. जबरदस्ती नको, आमिष तर नकोच नको, त्याला मी पण विरोधच करीन. पण कुणी विचारलं तुम्ही हे का करता तर तोंड उघडून सांगायला लाज कसली.

रूथमावशी:
तुम्ही सगळे बाहेर काय करायचं तेच बोलताय, आतल्या माणसांचं काय? आमच्याकडं कापणीच्या सणाला लिलाव असतो, भोपळे, कोंबडी, गुळाच्या ढेपा, अंडी. एकदा एका आजींनी एकच नारळ आणला होता. तो नारळ लिलावात एकानं घेतला आणि परत वेदीपुढं ठेवला, मग दुसऱ्यानं घेतला, त्यानं पण परत ठेवला, असं करत करत त्या नारळाचे पैसे गुळाच्या ढेपेपेक्षा जास्त झाले आणि आजी पदरात तोंड घालून हसत होत्या. त्याच आजी पुढं चार महिने चर्चला आल्या नाहीत, मुलं पुण्याला, गुडघे गेलेले, आणि चौकशीला कोण गेलं तर आम्ही महिला मंडळाच्या दोघी. कमिटीतलं एक माणूस नाही. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये 2:42 काढून वाच बाळा, पहिली मंडळी काय करायची ते आहे तिथं, शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. सहवास दुसऱ्या नंबरला आहे.

चिखलीचा_गडी:
मी ख्रिश्चन नाही, मधेच बोलतोय, चालत नसेल तर सांगा. 2019 च्या पुरात आमची चिखली पाण्याखाली गेली तेव्हा आम्ही चार दिवस एका चर्चच्या हॉलमध्ये होतो. जात धर्म कुणी विचारला नाही. सकाळी पेटी तबल्यावर त्यांची भजनं चालायची, चाल आपल्या अभंगासारखीच, आमची आई टाळ्या धरायची. आम्हाला बसा म्हटलं नाही की उठा म्हटलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

नागाळापार्ककर:
@चिखलीचा_गडी चालतंय की! त्यातली बरीच भजनं रेव्हरंड टिळकांची असणार, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात आहेत त्यांची. आईंना माझा नमस्कार सांगा.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. रात्री बसून हे लिहिलंय, बघा कसं वाटतंय:
'ख्रिस्ताची उपासना एकत्र करणे आणि त्याचे वचन शिकणे. मंडळीतील आजारी, एकटे, वयस्क यांच्या घरी जाणे. संकटात शेजाऱ्याला, तो कोणीही असो, दार उघडे ठेवणे. ख्रिस्ताविषयी विचारणाऱ्याला न घाबरता आणि न रेटता सांगणे, आणि हे सगळे आपल्या वर्गणीतून चालवणे.'
शिष्य करा ती ओळ वर वचन म्हणून छापायची म्हणतोय, म्हणजे तो गट पण गप्प बसंल.

लोणार_वसाहत:
'न रेटता' ठीक आहे. पण 'विचारणाऱ्याला' एवढंच का? कुणी विचारलंच नाही तर? तेवढं बदल.

रूथमावशी:
दुसरी ओळ छान, पण तिथं कोण जाणार ते पण लिही. वाटणी करा, दर महिन्याला कमिटीतले दोघं दोघं. नाहीतर परत आमच्याच गळ्यात.