ओपनबीएसडीवरचा सर्व्हर गळ्यात पडलाय, ठेवू की लिनक्सवर हलवू?

नवखा_ॲडमिन

मंडळी सल्ला हवाय. आमच्याकडे जो माणूस सर्व्हर बघायचा तो सोडून गेला आणि ते लोढणं आता माझ्या गळ्यात आलंय. मी आत्तापर्यंत डेबियन आणि उबंटू या लिनक्सवरच काम केलंय, आणि हा निघाला ओपनबीएसडी ७.५, म्हणजे लिनक्स नाही, युनिक्स घराण्यातली वेगळीच ऑपरेटिंग सिस्टम. त्यावर एक पीएचपी साइट, मारियाडीबी डेटाबेस आणि पीएफ फायरवॉल, बस एवढंच आहे. पासवर्ड सोडले तर आधीच्या माणसाने एका ओळीची पण नोंद ठेवलेली नाही.

अडचणी अशा:

एक, साइटवरून बाहेरच्या एपीआयला (दुसऱ्या सर्व्हरवरच्या सेवेला) कॉल जातच नाही, लॉगमध्ये "होस्ट रिझॉल्व्ह झाला नाही" असं येतं. पण तीच यूआरएल मी टर्मिनलवरून कर्ल केली की झटक्यात उत्तर येतं. डोकं फिरायची वेळ आलीय.

दोन, मागच्या आठवड्यात मशीन मेलं. पिंग नाही, एसएसएच नाही. शेवटी जाऊन मॉनिटर लावला तर काळ्या स्क्रीनवर "डीडीबी" असं लिहून कर्सर लुकलुकत होता. मी सरळ पॉवर बटण दाबलं.

तीन, प्रोसेसर चार कोर आठ थ्रेडचा आहे, टॉप कमांडमध्ये चारच दिसतात.

आणि चौथं, एका आयपीवरून सतत लॉगिनचे प्रयत्न चाललेत म्हणून पीएफमध्ये ब्लॉक टाकला तर तो चालतच नाहीये, आयपी आपला निवांत आत येतोय.

साहेबांना विचारलं तर म्हणाले तुला जे येतं त्यावर हलव. हलवू का?

जुनं_खोड

थांबा, लगेच हलवू नका. तुम्ही लिहिलेल्यात मशीन मेलं तेवढाच खरा बिघाड आहे, बाकीच्या तीन तर ठरवून तशा केलेल्या आहेत.

एपीआयचं आधी घेऊ. इथला वेबसर्व्हर आणि पीएचपी चालवणारा पीएचपी-एफपीएम दोघंही चेरूटमध्ये चालतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने जग "/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू" पासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. तुम्ही टर्मिनलवर असता तेव्हा तुम्हाला खरं "/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ" दिसतं, पीएचपीला दिसत नाही, त्याच्या लेखी ती फाइलच अस्तित्वात नाही, मग तो नाव कुणाला विचारणार. तर चेरूटच्या आत ईटीसी फोल्डर करा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फची कॉपी तिथे टाका. हे झालं की एरर बदलेल आणि सर्टिफिकेट पडताळता येत नाही म्हणून बोंब येईल, घाबरू नका, ती प्रगती आहे. तेव्हा "/ईटीसी/एसएसएल/सर्ट.पेम" पण तशीच आत कॉपी करायची.

त्याच कारणाने डेटाबेसचा होस्ट "लोकलहोस्ट" लिहिला तर पीएचपी सॉकेट फाइल शोधायला जातो आणि ती चेरूटच्या बाहेर असते. १२७.०.०.१ लिहा. पीएचपीच्या मेल फंक्शनचंही तेच, त्याला सेंडमेल आणि शेल दोन्ही लागतात आणि आत दोन्ही नसतात, त्यामुळे मेल एसएमटीपीनेच पाठवा.

चार कोरचं सांगतो. २०१८ मध्ये ६.४ आली तेव्हापासून हायपरथ्रेडिंग डिफॉल्ट बंद असतं, कारण एकाच कोरवरचे दोन थ्रेड कॅशे वाटून घेतात आणि एकाला दुसऱ्याचं चोरून बघता येऊ शकतं. सिससीटीएल या कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने "एचडब्ल्यू.एसएमटी" एक केलं की आठ दिसतील. मी स्वतः करत नाही, पीएचपी साइटला चार कोर मायंदाळ झाले.

आणि हो, सगळ्यात आधी रूट म्हणून लॉगिन करून "मेल" टाइप करा. फक्त मेल. काय दिसतं ते इथे येऊन सांगा.

रात्रपाळी

डीडीबी म्हणजे कर्नल डीबगर. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे सिस्टमचा गाभाच कोसळला, की ओपनबीएसडी डिफॉल्टने रीबूट होत नाही, तिथेच थांबतो आणि तुमची वाट बघतो. डेव्हलपरच्या टेबलावरच्या मशीनला ते छान, पण लांब कुठे रॅकमध्ये ठेवलेल्या मशीनला ही शिक्षाच. "/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ" मध्ये "डीडीबी.पॅनिक=०" लिहा म्हणजे पुढच्या वेळी मशीन स्वतःच उठेल.

पण पॉवर बटण दाबून तुम्ही पुरावा घालवलात राव! परत तसं झालं तर आधी "शो पॅनिक", मग "ट्रेस", मग "पीएस" टाइप करायचं, प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि मगच "बूट रीबूट". ट्रेसशिवाय बग कळवला तर तिकडून पहिला प्रश्न तोच येतो. बऱ्याच मशीनवर रीबूटनंतरही डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजच्या यादीत) आधीचे शेवटचे मेसेज टिकून असतात, तिथे एकदा डोकावून बघा, नशीब असेल तर काहीतरी सापडेल.

सिरीयल कन्सोलची सोय असेल तर "/ईटीसी/बूट.कॉन्फ" मध्ये "सेट टीटीवाय कॉम०" टाका, म्हणजे पुढच्या वेळी मॉनिटर उचलून पळावं लागणार नाही. मी हे एका रात्री तीन वाजता शिकलोय, जाऊ द्या.

अंगठाछाप

पीएफचं मी सांगतो, मीही लिनक्सच्या आयपीटेबल्स फायरवॉलमधूनच आलोय आणि याच खड्ड्यात पडलोय. तिकडे जुळणारा पहिला नियम लागतो, इथे शेवटचा. डिफॉल्ट पीएफ.कॉन्फमध्ये "ब्लॉक रिटर्न" आणि त्याखाली नुसतं "पास" अशा ओळी असतात. तुम्ही तुमचा ब्लॉक पासच्या वर टाकला असणार, मग पॅकेट तुमच्या ब्लॉकला जुळतं, पुढे पासलाही जुळतं, आणि पास जिंकतो. एकतर तो खाली न्या नाहीतर त्यात "क्विक" शब्द घाला, क्विक म्हटलं की तिथेच निकाल.

तरीही आयपी दिसत राहिला तर जुनी कनेक्शनं स्टेट टेबलमध्ये जिवंत आहेत, नियम नव्या कनेक्शनलाच बघतो. "पीएफसीटीएल -के" आणि पुढे तो आयपी, की त्यांचा निकाल लागतो. आणि नियमात "लॉग" लिहिलं असेल तर "टीसीपीडंप -एन -ई -टीटीटी -आय पीएफलॉग०" लावून बसा, कोणत्या नंबरच्या नियमाने कोणतं पॅकेट अडवलं ते समोर पळताना दिसतं. ते बघताना जे समजतं ते दहा लेख वाचून नाही समजत.

लांबून नियम बदलताना काळजी घ्या! आधी "पीएफसीटीएल -एनएफ" ने फाइल नुसती तपासायची, त्याने काही लागू होत नाही. मग टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) उघडून त्यात १२० सेकंद स्लीप आणि नंतर जुनी फाइल लोड अशी कमांड सोडून ठेवायची, आणि मगच नवे नियम लावायचे. स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर दोन मिनिटांत दार आपोआप उघडतं. सगळं ठीक असेल तर ती कमांड मारून टाका. विसरू नका, मी विसरलो होतो आणि नवे नियम का टिकत नाहीत म्हणून अर्धा तास भूत शोधत होतो.

विरुद्ध_पार्टी

सगळे ठेवा ठेवा म्हणतायत तर मी दुसरी बाजू मांडतो, मीही वापरतो बरं का, द्वेष नाही. कंटेनर चालवणारं डॉकर इथे नाही आणि येणारही नाही. फाइलसिस्टमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नाही, लाइट गेली की डिस्क तपासणारा एफएससीके चालतो आणि डिस्क मोठी असेल तर ते बघत बसायचं, कधीकधी तर तो मध्येच अडतो आणि सिंगल यूजरमध्ये जाऊन हाताने चालवावा लागतो. झेडएफएस ही फाइलसिस्टमही नाही. आणि दर सहा महिन्यांनी नवं रिलीज, सपोर्ट फक्त शेवटच्या दोनांना, म्हणजे वर्षभर हात लावला नाही की तुम्ही उघड्यावर. तुमचं ७.५ एप्रिल २०२४ चं आहे, ७.७ आलं त्या दिवसापासून त्याला पॅच येणं बंद.

उद्या साहेब म्हणाले कंटेनर पाहिजेत, तर हे मशीन फायरवॉल म्हणून पुढे ठेवा आणि ॲप मागे लिनक्सवर टाका. फायरवॉल म्हणून याला तोड नाही.

जुनं_खोड

अपग्रेडचा मुद्दा बरोबर आहे पण आता ते तितकं अवघड राहिलेलं नाही. २०१९ पासून "सिसअपग्रेड" आहे, एक कमांड, मशीन स्वतः फाइल्स उतरवतं, रीबूट होतं, परत येतं. मधलं रिलीज गाळायचं नाही पण, ७.५ वरून ७.६ आणि तिथून ७.७. प्रत्येक टप्प्यावर त्या रिलीजचं अपग्रेड गाइड वाचा, पानभर असतं. रीबूटनंतर "सिसमर्ज" (सेटिंगच्या फाइल), "पीकेजी_ॲड -यू" (पॅकेजेस) आणि "सिसपॅच" (पॅच) चालवा.

एक गोम आहे. पीएचपीच्या सर्व्हिसच्या नावातच व्हर्जन असतं, त्यामुळे पीएचपीचं व्हर्जन बदललं तर नवीन नाव आरसीसीटीएल या सर्व्हिस सांभाळणाऱ्या कमांडने इनेबल करावं लागतं, नाहीतर साइट बंद आणि तुम्ही लॉगमध्ये डोकं घालून बसलात. "आरसीसीटीएल एलएस फेल्ड" मारलं की जी सर्व्हिस चालू असायला हवी पण नाही ती लगेच दिसते.

पॅकेजचे रीडमी पण वाचा, "/यूएसआर/लोकल/शेअर/डॉक/पीकेजी-रीडमीज" मध्ये असतात. मारियाडीबीला ओपन फाइल्स कमी पडतात आणि लॉगिन.कॉन्फमध्ये काय लिहायचं हे तिथे जसंच्या तसं दिलंय.

नवखा_ॲडमिन

मंडळी परत आलो.

रूटची मेल उघडली आणि खुर्चीत नीट बसलो. रोज रात्री सिस्टमने मेल पाठवलीय, आणि आधीच्या माणसाने ईटीसीमधल्या फाइलमध्ये जे जे बदललं त्याचा डिफ त्यात आहे, कुठली ओळ गेली कुठली आली, तारखेसकट. मला वाटत होतं नोंद नाही, नोंद तर मशीननेच ठेवलीय! पीएफ.कॉन्फमधला एक विचित्र पोर्ट कधीपासून उघडा आहे ते पण कळलं, आणि तो आता बंद आहे.

एपीआय चालू झालं. आणि खोडसाहेब म्हणाले तस्संच झालं, रिझॉल्व्ह.कॉन्फ टाकली तर सर्टिफिकेटची बोंब, ती फाइल टाकली तर गप्प. ब्लॉकमध्ये क्विक टाकलं, टीसीपीडंपमध्ये तो आयपी आपटताना बघून बरं वाटलं. डीडीबी.पॅनिक शून्य केलंय. कोर चारच ठेवतोय.

७.६ ला काल रात्री गेलो, सात मिनिटं पिंग नव्हतं, ती सात मिनिटं कशी काढली माझं मला माहीत. ७.७ शनिवारी. एक शंका आहे, चेरूटमध्ये टाकलेली ती सर्टिफिकेटची फाइल अपग्रेडमध्ये आपोआप बदलते का?

जुनं_खोड

नाही. बाहेरची बदलते, आतली तुमची कॉपी आहे ती तशीच जुनी पडून राहते आणि एक दिवस अचानक एपीआय बंद पडतं. "/ईटीसी/डेली.लोकल" मध्ये दोन्ही फाइल कॉपी करायची ओळ टाका, रोज रात्री होऊन जाईल.

नवखा_ॲडमिन

टाकली. साहेबांना सांगितलंय की हलवत नाही.