वावरात उडवलेली विमानं: तुमचे अनुभव लिहा

शहरातल्या पोरांना विमान बनवायला बाल्साच्या हलक्या लाकडाचे तयार संच मिळायचे. आमच्याकडे ज्वारीचे धांडे होते. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत लहानपणी ज्यांनी ज्यांनी विमानं बनवली, त्यांनी इथे लिहावं. कशाची बनवली, कशाने चिकटवली, किती वेळ हवेत राहिली, कुठे पडली, सगळं बारीकसारीक सांगा. सुरुवात मी करतो.

दारव्हा तालुका, यवतमाळ

साल १९८६, मी सहावीत. ज्वारीचा धांडा सोलला की आत पांढरा, बोटाने दबणारा गर निघतो. सालीच्या लांब चिरफळ्या पंखाच्या कण्याला आणि गराच्या चकत्या फासळ्यांना. वरून पतंगाचा कागद, ज्वारीच्या पिठाच्या खळीने चिकटवलेला. साल पात्यासारखी कापते, माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे.

पहिली पंधरा-वीस उड्डाणं सारखीच. सोडलं की नाक वर, क्षणभर हवेत थबकायचं आणि शेपटीवर आदळायचं. आबाजी बैलांना पाणी पाजून येत होते. त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं. "अबे, हे मांगं झुकून रायलं. नाकाले वजन दे," म्हणाले, आणि ओल्या काळ्या मातीची बोराएवढी गोळी करून नाकाला लावली. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बोटं ठेवली की विमान आडवं राहिलं पाहिजे. तेव्हापासून बोटांवर तोलल्याशिवाय मी एकही विमान सोडलं नाही.

एप्रिलात सकाळी अकराच्या सुमारास नांगरलेल्या वावरात ते सोडलं. काळी माती तापली की तिच्यावरची हवा भराभर वर चढते, घारी तिथेच घिरट्या घालतात. विमान खाली यायच्या ऐवजी वर जायला लागलं. मी ढेकळांतून धावतोय, पायात चप्पल नाही, आणि ते लिंबाच्या शेंड्याच्या वर, मग धुऱ्यापलीकडे, मग नाल्यापलीकडे. शेवटी नुसता ठिपका दिसत होता. तीन दिवस शोधलं. पावसाळ्यात माय चुलीसाठी गंजीतून पऱ्हाटी ओढत होती, तिला त्यात एक पंख सापडला. तिने तो पुसून देवळीत ठेवून दिला होता. मी शाळेतून आल्यावर काही बोलली नाही, फक्त देवळीकडे बोट दाखवलं.

मेहकरजवळचं गाव, बुलडाणा (निवृत्त शिक्षक)

दादा, तुमचं ग्लायडर, म्हणजे नुसतं हवेवर तरंगणारं. आमचं रबराच्या पिळावर चालणारं. आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं की १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं, ते ११ सेकंदं हवेत राहिलं. तो आकडा माझ्या डोक्यात बसला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पाहिल्या, त्या जड आणि आळशी. मग पायजम्याच्या इलास्टिकमधले रबराचे धागे एकेक ओढून काढले, त्यांची जुडी केली, एरंडेलाचा हात फिरवला म्हणजे पिळताना ते एकमेकांना घासून तुटत नाहीत. पंखा डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा. तो नाकाच्या लाकडाला घासून अडायचा, म्हणून मध्ये आईच्या जुन्या पोतीतला एक काचेचा मणी ओवला. त्या मण्याने सगळा फरक पडला. शंभर पीळ मोजून द्यायचे, बोटाखाली जुडीला गाठींवर गाठी पडलेल्या जाणवायच्या. माझं उत्तम उड्डाण ७ सेकंदांचं. घड्याळ गुरुजींच्या हातात होतं.

आरमोरी तालुका, गडचिरोली

इथे सगळे दादा-भाऊच लिहितायत, म्हणून मी लिहिते. माझे बाबा सुतार. जंगलात सावर, म्हणजे काटेसावर, भरपूर, आणि तिचं लाकूड इतकं हलकं की सागवानापुढे कुणी त्याला विचारत नाही. बाबांनी सावरीची फळी रंध्याने इतकी पातळ केली की दिव्यासमोर धरल्यावर लालसर उजेड आरपार दिसायचा. बाल्सा आणि सावर एकाच कुळातली झाडं, हे मला वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं, तेव्हा वर्गातून सरळ फोनवर जाऊन बाबांना सांगितलं होतं.

आठवीत शाळेच्या प्रदर्शनात ते विमान ठेवलं. विमान माझं, पंख घासले मी, पण पाहुण्यांना समजावून सांगायला वर्गातल्या एका मुलाला उभं केलं. मुलीला काय सांगता येणार, असं एक सर म्हणाले. मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत, वारा पडलेला असताना, बाबांनी मला धानाच्या बांधीत नेलं. "आता तू उडव, मी पायतो," म्हणाले. कापणी झाली होती. धसकटांवरून ते सरळ, न डगमगता गेलं आणि दुसऱ्या बांधीवर अलगद टेकलं. बाबा पावलं मोजत गेले. एकेचाळीस.

मूर्तिजापूर, अकोला

माझा नाही, वडिलांचा अनुभव. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडून वडील त्यातल्या एकाचा दिवा शोधायचे. सकाळी उठून तो ज्या बाजूला गेला त्याच बाजूला कागदाचं विमान सोडायचे. एवढंच.

काटोलकडचा, नागपूर

मी १९९४ मध्ये नागपूरला कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत होतो, तिथे इंजिनाचं विमान पहिल्यांदा हाताळलं. दोन पोलादी तारा, हातात मूठ, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. मूठ वर-खाली कलली की शेपटीची पट्टी हलते. आपणही त्याच्याबरोबर फिरायचं, नजर विमानावरून काढली की भोवळ येते.

इंजिन छोटं डिझेलचं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल, साधारण सारखे भाग. एरंडेल मी सुटीत गावाहून न्यायचो. पण ईथर ३५ अंशांनाच उकळतं, आणि आमचा मे महिना ४५ चा. बाटलीचं बूच फटकन उडायचं आणि खोलीभर दवाखान्याचा वास. मग पहाटे मिश्रण करायचं, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची, सात वाजायच्या आत उडवून मोकळं व्हायचं. पंखा बोटाने झटका देऊन चालू करावा लागे, आणि इंजिन उलटा झटका मारी. तर्जनीचं नख दोनदा गेलं. तरी इंजिन लागल्यावरचा तो चिरका आवाज ऐकला की बोट दुखतंय हे लक्षातच राहायचं नाही.

धागाकर्ता

आरमोरीच्या ताई, पोरगी पाचवीत आहे, तिच्यासाठी सावरीची फळी मिळवली आहे. किती जाड ठेवू? आणि रंधा मारताना धागे उपटून येतायत.

आरमोरी तालुका, गडचिरोली

दादा, पंखाला दोन मिलिमीटर पुरे. लाकूड आधी महिनाभर सावलीत वाळू द्या, ओल्या सावरीचे धागे उपटतातच. पातं नुकतं धार लावलेलं हवं आणि अगदी थोडं बाहेर काढलेलं. रंधा धाग्याच्या दिशेनेच फिरवा, आणि शेवटचा हात काचपेपरचा, तो मात्र पोरीला मारू द्या.