मीटिऑर ३५० ला कोणता सायलेन्सर शोभेल? सल्ला हवा (सातारा)

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. माझी २०२१ ची रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०, एमएच-११ पासिंग. रोज गोडोली ते एमआयडीसी, आणि महिन्यातून एक-दोनदा बायकोला मागं घेऊन यवतेश्वरमार्गे कास, नाहीतर ठोसेघर. गाडीवर जीव आहे, पण बाजूनं बघितली की सायलेन्सर दुसऱ्याच गाडीचा आणून लावल्यासारखा दिसतो. आवाजही हल्ली पोकळ वाटतोय. मला भरदार हवाय, हार्लेसारखा गुडगुडणारा.

दुकानात तीन नमुने दाखवले: आखूड शॉर्टी, माशाच्या शेपटीचा फिशटेल आणि तोंडाला तिरका कापलेला स्लॅश कट. दुकानदार म्हणाला शॉर्टी घ्या, आवाज चौकापर्यंत जाईल. माझी पहिली पाळी असते, सहाच्या आत गल्लीतून निघावं लागतं आणि शेजारच्या आजोबांना बरं नाही. तेवढं धरून सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, आधी हार्लेचा सूर मनातून काढा. तो पाइपातून येत नाही, इंजिनातून येतो. तिथं दोन सिलिंडर ४५ अंशांत बसवलेले असतात. एक स्फोट झाला की दुसरा क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ३१५ अंश फिरल्यावर होतो, त्याच्या पुढचा ४०५ अंशांनी. त्या लंगड्या ठेक्यामुळं ती गुडगुड येते. कंपनीनं त्या आवाजाच्या ट्रेडमार्कसाठी १९९४ मध्ये अर्जसुद्धा केला होता, २००० मध्ये तो मागं घेतला. आपल्याकडं एकच सिलिंडर, दर ७२० अंशांना एक ठोका. पाइप बदलून आवाज मोठा होईल, जाड होईल, पण दोन ठोक्यांमधलं अंतर तेच राहणार. सुपर मीटिऑर ६५० च्या दोन सिलिंडरांना २७० अंशांचा क्रँक आहे, म्हणून तिथं थोडा तसा ठेका मिळतो. मीटिऑरचा ठोका संथ आहे, एकसारखा आहे, मला तर तोच आवडतो.

आता दिसण्याचं. गाडी साइड स्टँडवर डावीकडं कललेली असते, त्यामुळं उजवीकडचा सायलेन्सर वर उचलल्यासारखा दिसतो. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, दहा पावलं लांब जा आणि गुडघ्यावर बसून बघा. क्रूझर ही लांब, आडवी गाडी. पाइप जमिनीला समांतर धावून मागच्या चाकाच्या आसाच्याही थोडा मागं गेला तर गाडी आणखी लांब वाटते. फिशटेलला हीच लांबी लागते, पण तो जुन्या वळणाच्या, भरपूर क्रोमच्या गाडीवर खुलतो. काळ्या मीटिऑरवर मला तो उपरा वाटेल. शॉर्टी बॉबरवर (काटछाट केलेल्या आखूड गाडीवर) छान, कारण तिथं मागचं मडगार्डच आखूड असतं. तुमच्या मोठ्या सीटखाली तो तोडल्यासारखा दिसेल. स्लॅश कट तिन्हींत सगळ्यात सभ्य, रेष मोडत नाही.

शॉर्टीचा मला अनुभव आहे. माझ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या ३५० क्रूझरला एका दुकानातून बसवून घेतला होता. पहिला आठवडा खूश होतो. मग घरच्यांना घेऊन खंबाटकी घाट चढलो. जिथं गाडी चौथ्यात आरामात ओढायची तिथं तिसरा टाकावा लागला, आणि उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके. पाइप आखूड आणि आतून मोकळा झाला की कमी आरपीएमला धुराच्या लाटा उलट फिरतात, बाहेरची हवा आत शिरते, सिलिंडर नीट रिकामा होत नाही. क्रूझरची सगळी मजा खालच्या उचलीत. मीटिऑरचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० आरपीएमला मिळतो, तोच घालवायचा का?

आणि बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाडीच्या बेंड पाइपला, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडं येणाऱ्या वाकड्या पाइपला, हात लावू नका. ऑक्सिजन सेन्सर तिथं असतो, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सहसा त्याच भागात.

एक विचारतो. सकाळी थंड इंजिनावर टक-टक ऐकू येते का? बेंड पाइप इंजिनाला जिथं जोडलाय तिथं काळी काजळी दिसते का?

मागच्या सीटवरून

भाऊ, बसणाऱ्या बाईचंही ऐका. आमच्या गाडीला तोंड बाहेर वळवलेला टर्न-आउट होता. सज्जनगडाहून परत येताना माझ्या बॅगेचा कोपरा वितळून पाइपाला चिकटला, वास आला तेव्हा कळलं. ओढणी, साडीचा काठ, पाय टेकवताना चपलेचा तळ, सगळं तिथंच येतं. सॅडलबॅग लावणार असाल तर वर उचललेला पाइप अजिबात नको. आणि मोठ्या आवाजात दोन तासांनी डोकं ठणकतं, हे चालवणाऱ्याला लवकर कळत नाही, कारण आवाज मागं राहतो.

वाईकर

कायद्याचं थोडक्यात. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला बनवतानाच ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाचा नियम मोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. डीबी किलर (तोंडात बसवायची आवाज दाबणारी नळी) नाक्याआधी बसवू आणि पुढं गेल्यावर काढू, असलं करू नका. ग्लास वूलच्या (आवाज शोषायला काचेची लोकर भरलेल्या) सायलेन्सरमध्ये तर लोकर हळूहळू जळून जाते. घेतला तेव्हा सौम्य असलेला वर्षभरात कर्कश होतो, आणि मालकाला कान सरावल्यामुळं जाणवत नाही.

गोडोलीकर

कृष्णाकाठ दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच टॉर्च घेऊन खाली गेलो. जोडाच्या खालच्या बाजूला काजळीचा पट्टा होता, बोट लावलं तर काळंभोर. पहाटे गाडी चालू करून कान जवळ नेला तर टक-टकही आली, गरम झाल्यावर कमी झाली. मिस्त्रींनी गॅस्केट (जोडातली गळती थांबवणारी चकती) बदललं, दोन्ही नट सारख्या ताणानं आवळले. गॅस्केट दबून चपटं झालं होतं. पोकळपणा गेला हो! तोच जुना दमदार ढग-ढग परत आला. मला वाटत होतं सायलेन्सरच हलका आहे.

त्यामुळं सायलेन्सर मूळचाच ठेवतोय. फक्त तोंडावर काळ्या रंगाची स्लॅश कट टोपी क्लॅम्पनं बसवली, आतल्या जाळीला हात नाही, भोक मूळचं जेवढं होतं तेवढंच. बायकोनं दहा पावलांवरून बघून पास केलं. वहिनी, तोंड बाहेर वळवलेलं नाही, सरळ मागं आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

वा! आता एकच बघा. सायलेन्सरच्या पोटाला खाली बारीक भोक असतं, साचलेलं पाणी जायला. तुमची रोजची धाव छोटी, पाइप पुरता तापत नाही, त्यात कासचा पाऊस. ते बुजलं तर पत्रा आतून सडतो. क्लॅम्पखाली झाकलं तर नाही ना?

गोडोलीकर

आत्ताच बघून आलो. क्लॅम्पच्या चार बोटं पुढं आहे. चिखलानं भरलं होतं, तारेनं मोकळं केलं.