जुन्या मासिकांतलं धर्माचं चित्रण मोजायचं कसं?

प्रश्न: १९३०च्या दशकातल्या ‘किर्लोस्कर’ मासिकात धर्म कसा दिसतो ते तपासायचंय. अनुक्रमणिका पाहून भागेल का?

उत्तर १: नाही भागणार. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध तिथे लगेच सापडतील, पण कोपऱ्यातल्या जाहिरातीतली लक्ष्मी सुटेल. दर वर्षाचे तीन साधे अंक पान न् पान चाळा. दिवाळी अंकाचा हिशेब वेगळा ठेवा, सणामुळे आकडा फुगतो.

उत्तर २: बांधीव खंडांत मुखपृष्ठं, जाहिरातींची पानं बांधणीवेळी काढलेली असू शकतात, पृष्ठक्रमांक जुळवाच! आणि नुसता ‘धर्म’ शब्द शोधू नका. सोवळं, श्राद्ध, केशवपन, नवस हेही नोंदवा.

उत्तर ३: १९३०ला निघालेलं ‘स्त्री’ मासिकसुद्धा घ्या. प्रकाशनसंस्था तीच, वाचक वेगळा. तुलना तिथेच रंगते.