रॅम, पेजिंग फाइल आणि मंदावलेला संगणक

४ जीबी रॅम (चालू कामांची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी) असलेल्या संगणकावर ब्राउझर उघडताच ‘मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना येते, या तक्रारीवर सी ड्राइव्हमधील फोटो आणि व्हिडिओ काढून टाकावेत असे सुचवले जाते; परंतु रॅम आणि डिस्कवरील जागा या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे एवढ्याने प्रश्न सुटेलच असे नाही. अपवाद एकच. रॅम भरत आली की विंडोज तिच्यातील काही भाग डिस्कवरील पेजिंग फाइलमध्ये हलवते, आणि ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असल्यास त्या फाइलला वाढायला जागा उरत नाही.

म्हणून आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात, मेमरीच्या पानावर, ‘कमिटेड’खाली दोन आकडे दिसतात: प्रोग्रॅमना दिलेली मेमरी आणि रॅम व पेजिंग फाइल मिळून होणारी तिची मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडत आला असेल, तर सूचनेचे मूळ तिथेच आहे. पेजिंग फाइल कोणी बंद केली असल्यास ती पुन्हा सुरू करून तिचा आकार ठरवण्याचे काम विंडोजवरच सोपवावे.

माझ्या जुन्या संगणकावर रॅम कमी पडून पेजिंग फाइल सतत वापरली जाई, त्यामुळे हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असे आणि माउसचा बाणसुद्धा अडखळत सरके. रॅम ८ जीबी केल्यावर हा त्रास थांबला. मात्र विंडोज जुन्या, ३२-बिट प्रकारचे असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम वापरलीच जात नाही, हे खरेदीपूर्वी अवश्य तपासावे. मेमरी ‘साफ’ करून देणारे प्रोग्रॅम कृपया इन्स्टॉल करू नयेत. ते रॅममधील माहिती डिस्ककडे ढकलतात आणि पुढच्याच क्लिकला ती परत आणावी लागते.