आई मेलेल्या माकडाच्या पिलाला कळप खरोखर सांभाळतो का?

रानवाट
वन्य माकडांच्या कळपात आई मेली की दुसरी मादी पिलाला दत्तक घेते, असे अनेकदा वाचनात येते. परंतु पिलाला पोटाशी धरून हिंडणे वेगळे आणि त्याला जगवणे वेगळे. त्याला दूध कोण पाजते? आणि हे काम नेहमी मादीच करते का?

निरीक्षक
खरी मेख दुधाचीच आहे. हनुमान लंगुरांमध्ये काळ्या केसांचे नवजात पिलू जन्मल्यापासूनच एका मादीकडून दुसरीकडे फिरते. ते ओढून घेणाऱ्यांत अजून एकही वेत न झालेल्या तरण्या माद्या पुष्कळ असतात. त्या पिलाला वेडेवाकडे धरतात आणि ते केकाटू लागले की चक्क टाकूनही देतात. आई असेल तर ते भूक लागताच तिच्याकडे परतते, आई नसेल तर या हौसेने त्याचे पोट भरत नाही. अंगावर दूध असलेली मादी लाभली तरच तान्हे पिलू तगण्याची आशा असते. दूध सुटत आलेल्या पिलाला मात्र सोबत, संरक्षण आणि अंगावरचे केस निवडून देणारे कोणी मिळाले तरी पुष्कळ होते. बहुधा मोठी बहीण पुढे येते.

सावली
नरही सांभाळतात. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यातील चिंपांझींमध्ये दत्तक घेतल्याची 18 उदाहरणे 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्या पिलांना नरांनी सांभाळले होते. (चिंपांझी माकड नव्हे, कपी म्हणजे बिनशेपटीचा मानवसदृश वानर आहे, हे मान्य.) उत्तर आफ्रिकेतील बार्बरी मकाक या माकडांचे नरही पिले अंगाखांद्यावर वागवतात, पण दुसऱ्या नराशी जवळीक साधताना ते पिलू मध्यस्थासारखे पुढे करतात; तेव्हा त्याला निव्वळ वात्सल्य म्हणणे मला धाडसाचे वाटते.

रानवाट
दोघांचेही आभार. परक्या जातीचे पिलू स्वीकारल्याचे एखादे उदाहरण आहे का?

निरीक्षक
आहे. ब्राझीलमध्ये दगडाने कठीण फळे फोडणाऱ्या कॅपुचिन माकडांच्या एका कळपाने मार्मोसेट या दुसऱ्या जातीच्या चिमुकल्या माकडाचे इवलेसे पिलू वर्षाहून अधिक काळ सांभाळले होते, आणि एका कॅपुचिन मादीने त्याला दूधही पाजले. त्याच्याशी खेळताना कॅपुचिन आपला जोर आवरता घेत, अशी अभ्यासकांची नोंद आहे.